घर नाकारलं जातं तेव्हा : नाशिकच्या सोसायट्या, अपार्टमेंटं आणि कायद्याचा हात कुठवर पोचतो

गोदाकाठ (धागाकर्ते)

कॉलेजचे प्रवेश आणि कंपन्यांतल्या बदल्या एकाच सुमारास येतात, त्यामुळे मे-जून म्हणजे नाशिकमध्ये भाड्याच्या घरांचा हंगाम. इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, नाशिकरोड, कुठेही फोन फिरवा. भाडं जमतं, डिपॉझिट जमतं, आणि मग प्रश्न येतो, "आडनाव काय?" उत्तर ऐकलं की आवाज बदलतो. "मालकांना विचारून सांगतो." "अहो, कालच टोकन आलं." "आमच्याकडे फक्त व्हेज चालतं." मुसलमान, बौद्ध आणि आदिवासी कुटुंबं, बिहार-यूपीहून अंबड-सातपूरला आलेले कामगार, मणिपूर-मिझोरामची मुलंमुली, आफ्रिकेतून शिकायला आलेले विद्यार्थी, या सगळ्यांच्या वाट्याला हे येतं. कारणं निरनिराळी सांगतात, दार मात्र सगळ्यांना बंद.

हा नकार तोंडी असतो, त्यामुळे त्याचं पुढे काहीच होत नाही. तो कागदावर कसा आणायचा, आणि आणल्यावर कोणता कायदा लागतो, कोणता लागत नाही, एवढं या धाग्यात नीट मांडू या. भावना दुखावल्याच्या चर्चा इतर धाग्यांवर खूप झाल्या आहेत. इथे जाणकारांनी तपशील द्यावेत.

सुरुवात मी करतो. पहिल्यांदा हे पाहा की नाकारतंय कोण. मालक, एजंट की सोसायटीची कमिटी? बऱ्याचदा मालक तयार असतो आणि कमिटीच्या धाकाने मागे सरतो. अशा वेळी मार्ग त्यातल्या त्यात सोपा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार (बाय-लॉज, म्हणजे संस्थेची नियमावली) भाडेकरू ठेवायला संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने आठ दिवस आधी कळवायचं, लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत द्यायची, आणि पोलीस ठाण्याला दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. झालं. भाडेकरूचा धर्म, जात, प्रांत, ताटात काय वाढतो, हे विचारायला त्यात जागाच नाही. तुमच्या सोसायटीने अजून जुने उपविधी ठेवले असतील तर त्यातलं कलम काढून वाचा, कारण जुन्यात परवानगीची भाषा आहे.


शेअर_सर्टिफिकेट

वरच्या माहितीत नाशिकपुरती एक मोठी भर. आपल्याकडच्या कितीतरी इमारती सोसायटी नाहीतच, त्या अपार्टमेंट आहेत. बोलताना आपण सगळ्यालाच सोसायटी म्हणतो आणि तिथे गफलत होते. ओळखायचं कसं? मालकाकडे शेअर सर्टिफिकेट असेल आणि गेटवर "को-ऑप. हौसिंग सोसायटी लि." आणि नोंदणी क्रमांक असेल तर ती सहकारी संस्था. मालकाच्या नावाने "डीड ऑफ अपार्टमेंट" नोंदवलेलं असेल आणि बिल्डरने "डीड ऑफ डिक्लरेशन" केलेलं असेल तर ती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची इमारत.

फरक का पडतो ते सांगतो. अपार्टमेंटमध्ये फ्लॅट थेट मालकाच्या नावावर असतो, आणि खरेदीदार डीड नोंदवून असोसिएशनचा घटक आपोआप होतो. त्याला "सभासद करून घ्यायचं की नाही" असा ठराव करायला कमिटीला वावच नसतो. भाड्याच्या बाबतीत डिक्लरेशन आणि त्याला जोडलेले उपविधी काय म्हणतात ते पाहायचं. डिक्लरेशन नोंदणीकृत दस्त असल्याने दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याची प्रमाणित प्रत निघते. कमिटी दाखवत नाही म्हणून अडून बसू नका.

उलट अपार्टमेंटवाल्यांनी सहकार कायद्याची (महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा) कलमं टाकून अर्ज केला की तो "लागू नाही" म्हणून परत येतो आणि दोन महिने फुकट जातात. अर्ज लिहिण्याआधी ही एक गोष्ट तपासाच.


पाथर्डीफाटा

एक शंका. आमच्या भागात काही ठिकाणी एजीएममध्ये, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेत, ठरावच झालेत. "अमुक समाजाला आणि बॅचलरना फ्लॅट देऊ नये." बहुमताने मंजूर, मिनिट्समध्ये नोंद, नोटीस बोर्डवर चिकटवलेलं. मग मालकाने काय करायचं? तो तर स्वतः सभेला हजर होता, सहीसुद्धा आहे.


शेअर_सर्टिफिकेट

सही हजेरीची असते. ठरावाला विरोध नोंदवला नसला म्हणून बेकायदा ठराव कायदेशीर होत नाही.

सर्वसाधारण सभा उपविधींच्या आत राहून ठराव करू शकते. उपविधी बदलायचे तर हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात, आणि दुरुस्ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय अमलात येत नाही (सहकार कायदा, कलम १३). बोर्डावर चिकटवलेल्या अशा शंभर ठरावांत नोंदणी झालेला शोधून सापडणार नाही. त्यामुळे मालकाने कमिटीला एकच ओळ लिहून विचारावी : "सदर अट कोणत्या नोंदणीकृत उपविधीत आहे, त्याचा क्रमांक व दुरुस्ती नोंदणीचा दिनांक कळवावा." याचं उत्तर येत नाही, कारण ते नसतंच.

त्या नोटिशीचा फोटो मात्र आजच काढून ठेवा. जवळून एक आणि लांबून एक, म्हणजे इमारतीचं नाव आणि बोर्ड एका चौकटीत येईल. खालचा शिक्का, सही आणि तारीख वाचता आली पाहिजे. पुढे तक्रार झाली की पहिल्यांदा गायब होतो तो हाच कागद. शिवाय सभासदाला सहकार कायद्याखाली सभेची इतिवृत्तं पाहण्याचा आणि प्रती मागण्याचा हक्क आहे. मिनिट्स बुकची प्रत आत्ताच मागून घ्या, पानं "नव्याने लिहिली" जाण्याआधी.


हिशोबनीस

ठरावाशिवाय दुसरी युक्ती पैशाची असते. नको असलेल्या भाडेकरूवर जास्तीचा आकार बसवायचा आणि त्याला आपोआप पळवून लावायचं. "बॅचलर चार्ज", "बाहेरचे लोक चार्ज", "शिफ्टिंग डिपॉझिट" अशी नावं देतात.

सहकारी संस्थेत बिनवापर शुल्क, म्हणजे आपण ज्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतो ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. आणि हे १० टक्के पूर्ण बिलावर काढायचे नाहीत. समजा महिन्याचं बिल २,४०० रुपये आहे, त्यात महापालिकेचा कर, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी वगैरे बाजूला काढल्यावर सेवाशुल्क उरलं १,५००. मग शुल्क १५० रुपये. २४० नाही, आणि हजार तर नाहीच. दोन भाडेकरूंना दोन दर लावले असतील तर दोन्ही फ्लॅटच्या पावत्या शेजारी ठेवा. भेदभाव दाखवायला यापेक्षा स्वच्छ पुरावा नाही, कारण आकडे कमिटीने स्वतः लिहिलेले असतात.

(हा आदेश सहकारी संस्थांसाठी आहे. अपार्टमेंटला तसाच्या तसा लावू नका.)


सीबीएस_कट्टा

आता कायद्याकडे येऊ. इथे बरेच गैरसमज आहेत म्हणून सावकाश लिहितो.

राज्यघटनेचं कलम १५(१) धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई करतं, पण ती मनाई राज्यसंस्थेला आहे. खासगी घरमालकाने नाकारलं तर १५(१) दाखवून पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होत नाही. लोक तिथेच अडकतात. त्यामुळे कोणाला नाकारलं यावर मार्ग बदलतो.

अनुसूचित जातीच्या माणसाला नाकारलं असेल तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधणं, घेणं किंवा त्यात राहणं याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर तो गुन्हा म्हटलाय. शिक्षा १ ते ६ महिने कैद आणि दंड. हा दखलपात्र गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाचं कलम १२ : पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं न्यायालय गृहीत धरतं, तसं नव्हतं हे आरोपीने दाखवायचं. हा कायदा वकीलसुद्धा विसरतात, कारण ॲट्रॉसिटीचंच (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा) नाव तोंडात बसलंय.

ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार टाकणं किंवा त्याची धमकी देणं हा गुन्हा झाला, आणि आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत व्यवहार करायला नकार येतो. आदिवासी कुटुंबांसाठी हाच रस्ता, कारण १९५५ चा कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. जातिवाचक शिवीगाळ असेल तर ती "लोकांच्या नजरेसमोर" झाली पाहिजे. बंद खोलीत दोघांतच झालेलं बोलणं तिथे टिकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलं. म्हणून पार्किंगमध्ये, जिन्यात, सभेत कोण कोण हजर होतं त्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. कलम १८-अ नुसार गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. "आधी चौकशी करतो, मग बघू" असं ठाण्यात म्हणाले तर हे कलम दाखवा. तपास सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातीचा दर्जा १९९० पासून केंद्रीय पातळीवरही आहे, फक्त जातीचा दाखला जवळ हवा. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६.

मुसलमान, ख्रिस्ती, उत्तर भारतीय, ईशान्येकडचे लोक, परदेशी विद्यार्थी यांना खासगी मालकाने नाकारलं तर थेट लागू होईल असा फौजदारी कायदा नाही. हे कडू आहे, पण खोटी आशा दाखवून कोणाला ठाण्याच्या पायऱ्या झिजवायला लावणं त्याहून वाईट. तिथे कमिटीविरुद्ध सहकार कायद्याची वाट धरायची, मालकाला पटवायचं, आणि धमकी किंवा शिवीगाळ झाली असेल तर त्यापुरता वेगळा गुन्हा नोंदवायचा.


भद्रकाली

सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा विसरलात का? महाराष्ट्राने २०१६ मध्ये केला, देशात पहिला. तीन वर्षं कैद, एक लाख दंड. अंनिसची (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम २०१३ मध्ये नाशिकमधूनच उभी राहिली, त्या रेट्यातून हा कायदा आला. मग इमारतीने एखाद्या मुस्लिम कुटुंबावर बहिष्कार टाकला तर तो का लागू नये?


सीबीएस_कट्टा

भद्रकाली, तुमची कळकळ रास्त आहे, आणि कायद्याचं नाव ऐकून सगळ्यांना असंच वाटतं. पण व्याख्या वाचा. त्यात "समुदाय" म्हणजे एका धर्माचे, पंथाचे, जातीचे किंवा पोटजातीचे लोक, आणि बहिष्कार म्हणजे त्याच समुदायातल्यांनी आपल्याच माणसावर टाकलेला. जातपंचायतीसाठी नेमका बेतलेला कायदा आहे. सोसायटीतल्या निरनिराळ्या लोकांनी मिळून दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाला वाळीत टाकलं तर तो तिथे बसत नाही. एवढ्या एका चुकीपायी तक्रारी पहिल्याच पायरीवर गळतात.


गोदाकाठ

भोक कुठे आहे ते आता दिसतंय. यात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. खासगी मालकाला बांधणारा नियम लिहिता येत नाही असं नाही. संसदेने तो दोनदा लिहिलाय. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आणि २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यात, दोन्हींच्या कलम ३ मध्ये, घर भाड्याने घेण्याच्या, विकत घेण्याच्या आणि त्यात राहण्याच्या हक्काबाबत भेदभावाला स्पष्ट मनाई आहे. म्हणजे वाक्य तयार आहे, फक्त त्यात धर्म, जात, वंश, भाषा आणि प्रांत घालायचे राहिलेत.

मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग सुचवला. तो आला नाही. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या तरुणाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर बेझबरुआ समितीने वांशिक शेरेबाजी आणि हल्ल्यांसाठी दंड संहितेत नवी कलमं सुचवली. तीही आली नाहीत, आणि २०२३ ची नवी भारतीय न्याय संहिता आली तेव्हाही संधी गेली. आपल्या खासदारांना पत्र लिहिताना नुसतं "भेदभाव थांबवा" लिहू नका. २०१९ च्या कायद्याचं कलम ३ जोडा आणि "हेच सर्वांसाठी करा" असं मागा. मागणी एका ओळीत बसते आणि "तसा कायदा शक्य नाही" हे उत्तर देता येत नाही.


पाथर्डीफाटा

मग पारशी सोसायटीच्या निकालाचं काय? आमचे सेक्रेटरी प्रत्येक सभेत तो फडकावतात.


सीबीएस_कट्टा

२००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, अहमदाबादची पारशी गृहनिर्माण संस्था. सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी न्यायालयाने वैध धरला. पण तो उपविधी संस्थेच्या स्थापनेपासूनचा आणि रीतसर नोंदवलेला होता, आणि प्रश्न सभासदत्वाचा होता. तुमच्या इमारतीत बिल्डरने जाहिरात करून सगळ्यांना फ्लॅट विकले, आदर्श उपविधी स्वीकारले, आणि आता चेअरमन तोंडी सांगतात की अमुक नकोत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. सेक्रेटरींना नम्रपणे विचारा, आपल्या उपविधीत तसं कलम कुठे आहे?

विकत घेणाऱ्याला सभासदत्व नाकारलं तर सहकार कायद्याचं कलम २३ आहे : पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही. पूर्ण अर्ज, फी आणि कागद देऊन पोच घ्या. तीन महिन्यांच्या आत निर्णय कळवायचा असतो. नाकारलं किंवा गप्प बसले तर उपनिबंधकाकडे जायचं. अर्ज अपुरा असला की ही मुदत मोजतच नाहीत, त्यामुळे जोडलेल्या प्रत्येक कागदाची यादी अर्जाच्या तळाशी लिहा.


चावीवाला

एजंटगिरीच्या बाजूने थोडं. जागा दाखवताना लोकांकडून कायम होणाऱ्या चुका सांगतो.

टोकन देताना पावती घेत नाहीत. पाच-दहा हजार दिले, आधार कार्ड दाखवलं, आणि संध्याकाळी फोन येतो, "कमिटी नाही म्हणते." मग टोकनसाठी हेलपाटे. पावतीवर एक ओळ आधीच लिहून घ्या : "मालक अथवा समितीच्या कारणाने व्यवहार न झाल्यास टोकनची पूर्ण रक्कम परत." कॅशने देऊ नका, यूपीआयने द्या आणि नोंदीत फ्लॅट नंबर टाका.

दुसरं, नोंदणी टाळतात. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. खर्च फार नाही. भाडं १२,००० रुपये, ११ महिने, म्हणजे १,३२,०००. डिपॉझिट ५०,००० असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचे साधारण ४,५८३. बेरजेवर पाव टक्का मुद्रांक म्हणजे साडेतीनशेच्या घरात, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. हा करार हातात असला की कमिटीने "हे कोण लोक राहतात" असा कांगावा केला तरी उत्तर तयार असतं. ज्यांना नाकारलं जाण्याची भीती जास्त, तेच गरजेपोटी बिननोंदणीचा कागद मान्य करतात आणि नंतर तोंड दाबून राहतात. असं करू नका.

तिसरं, पोलीस व्हेरिफिकेशनचा बाऊ. मालकाने महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायची असते. ती फक्त माहिती. "पोलिसांची परवानगी आली की बघू" म्हणणाऱ्याला सांगा की पोच मिळाली, काम झालं.

परदेशी विद्यार्थी ठेवायचा असेल तर तो आल्यापासून २४ तासांत ऑनलाइन कळवायचं, लोक त्याला सी-फॉर्म म्हणतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो, चालू पत्ता आणि फोन नंबर हाताशी ठेवले की पंधरा-वीस मिनिटांचं काम. "परदेशी ठेवला तर मालक अडकतो" ही भीती या एका फॉर्ममुळेच पसरली आहे. भरला नाही तर अडकतो, भरला तर नाही.


शरणपूर_रोड

आफ्रिकन विद्यार्थ्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आपण रोज ज्या शरणपूर रोडवरून जातो त्या नावामागे एक वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जात, त्यावरून सुटलेल्या आफ्रिकन मुलामुलींना मुंबईहून नाशिकला, चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या वसाहतीत आणत. तिथे त्यांना लिहिणं-वाचणं आणि सुतारकी-लोहारकीसारखे हुन्नर शिकवले जात. इंग्रजी कागदांत त्यांचं नावच "नासिक बॉईज" असं आहे. आफ्रिकेचा शोध घेणारा ब्रिटिश प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या मोहिमेत त्यांच्यातले काही जण होते. लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याचा देह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता. तोच पुढे देहासोबत इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत खांदेकऱ्यांत उभा राहिला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन ही वस्ती वसली तेव्हा नाशिकचे बरेच जण तिकडे गेले.

दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकन मुलांना या गावात छप्पर मिळालं होतं. आज त्याच रस्त्याच्या आजूबाजूला त्यांना "नायजेरियन नको" ऐकावं लागतं, मग तो मुलगा टांझानियाचा का असेना. मला हे फार लागतं.


दूरदेशी

सिंगापूरचं उदाहरण लोक नेहमी देतात, म्हणून नेमकं काय आहे ते सांगते. १९६४ मध्ये तिथे चिनी-मलाय दंगली झाल्या. पहिली पेटली ती २१ जुलैला, म्हणून तो दिवस शाळांतून वांशिक सलोखा दिन म्हणून पाळतात. सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींसाठी १९८९ पासून वांशिक मर्यादा आहे : प्रत्येक वस्तीत आणि प्रत्येक इमारतीत कोणत्या गटाची किती घरं असू शकतात याची टक्केवारी. चिनी वस्तीत ८४, इमारतीत ८७. मलाय २२ आणि २५. भारतीय व इतर २०१० पासून १२ आणि १५. मर्यादा भरली की त्या गटाच्या माणसाला फक्त आपल्याच गटातल्या माणसाचं घर घेता येतं.

यातून वस्त्या तुटक झाल्या नाहीत हे खरं. पण दुखणंही आहे. मर्यादा भरलेल्या इमारतीत भारतीय किंवा मलाय माणसाला घर विकायचं असेल तर गिऱ्हाईक थोडं, म्हणून भाव कमी आणि वेळ जास्त. अल्पसंख्याकांच्या भल्यासाठी केलेल्या नियमाचा भुर्दंड त्यांनाच बसतो. आणि खासगी भाड्याच्या बाजारात तिथेही "इंडियन नको" अशा जाहिराती दिसत आल्या आहेत.


हिशोबनीस

आणि तिथली बहुतेक घरं सरकारनेच बांधली आहेत, म्हणून टक्केवारी लावता येते. नाशिकमध्ये खासगी बिल्डरच्या इमारतीला ती लावणार कोण? आपल्याकडे नकार थांबला तरी पुष्कळ.


दूरदेशी

मान्य. म्हणूनच मी टक्केवारी मागत नाही. आपल्याला तिथून घेण्यासारखं एवढंच की घर हा सलोख्याचा गाभा आहे हे त्यांनी ओळखलं. एकाच जिन्याने चढणारी मुलं एकत्र खेळतात. भाषणांनी ते होत नाही.


गोदाकाठ

पुराव्याबद्दल कोणी विचारलं होतं निरोपातून. नकार आडनावामुळेच आला हे दाखवायची रूढ पद्धत म्हणजे जोडीची चौकशी. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत अशाच पद्धतीने पाहणी करून २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. सवर्ण हिंदू नावांना दार उघडं, दलितांना कमी, मुसलमानांना त्याहून कमी.

इथे करायची तर दोन माणसं घ्या, पगार सारखा, कुटुंब सारखं (दोघं आणि एक मूल), बोलीभाषा सारखी, फक्त आडनाव वेगळं. ज्याला नकाराची शक्यता जास्त त्याने आधी फोन करायचा, दुसऱ्याने तासाभरात. क्रम उलटा केला किंवा मध्ये दोन दिवस गेले की समोरचा म्हणतो, "तेव्हा होता, आता गेला," आणि ते खोटं ठरवता येत नाही. दोघांनीही एकच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचे. बोलणं संपताच वेळ, नंबर आणि समोरच्याचे शब्द जसेच्या तसे वहीत. घर घ्यायचं नाही हे माहीत असताना टोकनपर्यंत जाऊ नका, मालकाचं नुकसान करायचं नाहीये.

फोन रेकॉर्ड केला असेल तर मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून पुढे पाठवलेली प्रत मूळ धरत नाहीत. न्यायालयात द्यायची झाली तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मोबाइल बदलायच्या आधी वकिलाला दाखवा.


भद्रकाली

राहायला आल्यानंतरचंही लिहा कोणीतरी. घर मिळतं आणि छळ मग सुरू होतो. पार्किंगचं स्टिकर देत नाहीत, पाहुणा आला की वॉचमन वहीत नाव, धर्म, कारण सगळं लिहून घेतो, बाकीच्यांकडे आलेल्याला नुसता हात दाखवतो.


हिशोबनीस

वॉचमनच्या वहीत रकाने बघा : नाव, फ्लॅट, गाडी नंबर, वेळ आत, वेळ बाहेर, सही. यापलीकडे रकाना असेल तर तो कोणी आणि कधी आखला ते कमिटीला लेखी विचारा. एकाच फ्लॅटच्या पाहुण्यांच्या नोंदी असतील आणि बाकीच्यांच्या नसतील तर त्या आठवड्याच्या पानांचे फोटोच बोलतात.

कमिटीत चांगली माणसंही असतात, त्यांच्यासाठी दोन कामं. गणपतीची, नवरात्राची वर्गणी मेंटेनन्सच्या बिलात घालू नका. वेगळं पावती पुस्तक ठेवा, ज्याला द्यायची तो देईल. बिलात घातली की न देणारा थकबाकीदार ठरतो, आणि तिथून भांडण धर्मावर जातं. इमारतीत हिंदी बोलणारी कुटुंबं असतील तर पाण्याच्या वेळेची, टाकी धुण्याची नोटीस मराठीसोबत हिंदीतही लावा. "त्यांना नियम कळत नाहीत" ही निम्मी तक्रार तिथेच मिटते.


पाथर्डीफाटा

"भय्ये", "चिंकी", "हबशी" हे शब्द इमारतीच्या ग्रुपवर सर्रास चालतात. अॅडमिनने पहिल्याच दिवशी तो मेसेज काढायला लावला तर दुसऱ्या दिवशी दुसरा कोणी लिहीत नाही. हे करायला कोणताही कायदा लागत नाही.


सीबीएस_कट्टा

२ मार्च १९३० ला काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. जवळजवळ पाच वर्षं ते दार बंदच ठेवलं गेलं, आणि मग १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली. त्या दाराच्या बाजूने तेव्हाही "हे आमचं खासगी आहे" हाच युक्तिवाद होता. आज फ्लॅटच्या दारात तो पुन्हा ऐकू येतो, म्हणून सांगितलं.

पैशाअभावी कोणी थांबू नका. सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानक) जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन १५१००.


शेअर_सर्टिफिकेट

उपनिबंधकांकडे जाण्याआधी मालकाने कमिटीला द्यायच्या पत्राचा मसुदा देतो, जसाच्या तसा वापरा.

"प्रति, मा. अध्यक्ष/सचिव, ... सहकारी गृहनिर्माण संस्था. विषय : सदनिका क्र. ... भाड्याने देत असल्याबाबत सूचना. मी वरील सदनिका दि. ... पासून लिव्ह अँड लायसन्सने देत आहे. उपविधीनुसार ही आगाऊ सूचना. नोंदणीकृत कराराची व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत सोबत जोडली आहे. आपली काही हरकत असल्यास संबंधित नोंदणीकृत उपविधीचा क्रमांक नमूद करून सात दिवसांत लेखी कळवावी."

पत्रात भाडेकरूचा धर्म, जात, गाव काहीही लिहू नका. आपणच लिहिलं की विषय तोच होतो. "कृपया परवानगी द्यावी" असंही लिहू नका. परवानगी मागितली की ती नाकारता येते.


चावीवाला

पत्र पदनामाने द्या, चेअरमनच्या व्यक्तिगत नावाने नको. दोन प्रती न्यायच्या, दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का, सही आणि तारीख घ्यायची. वॉचमनकडे ठेवून आलात तर ती पोच होत नाही. सही द्यायला टाळाटाळ केली तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावतीसह, आणि पावती कराराच्या फाइलला टाचून ठेवा.